हाताला ठाऊक, जिभेला नाही

माणसाला ज्या गोष्टी उत्तम करता येतात, त्यांतील कित्येक त्याला सांगता मात्र येत नाहीत. भाकरी थापणाऱ्या बाईला पीठ किती सैल मळावे म्हणून विचारावे, तर 'ते हाताला कळते' एवढेच उत्तर मिळते. पखवाज वाजविणारा थाप कशी मारतो ते करून दाखवितो. सांगावयास बसला की अडखळतो. मराठी भाषा शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, अशा माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट थोडी अपमानास्पदच वाटते. आमचा सारा भरवसा शब्दांवर. जे शब्दांत आले नाही ते कळलेच नाही, असे आम्ही मुलांना वर्षानुवर्षे बजावीत असतो. परंतु शब्दांवाचून नांदणाऱ्या ज्ञानाचे एक असे उदाहरण आमच्या दाराशी उभे आहे, की त्याने माझी ही समजूत बरीच हलविली. हे उदाहरण म्हणजे दोन चाकांची मोटारसायकल.

आमची साखळी वाळवंटी नदीच्या काठी वसलेली आहे. कारापूरला विठ्ठलाचे देऊळ, जवळच हरवळ्याचा धबधबा आणि रुद्रेश्वर. पूर्वेकडे पर्ये, केरी मागे टाकून चोर्ला घाट चढत बेळगावास जाणारा रस्ता. डिचोली आणि सत्तरी हे दोन्ही तालुके डोंगरउताराचे. त्यामुळे सरळ रस्ता असा फारसा नाहीच. एक वळण संपते न संपते तोच दुसरे सुरू होते. २०१२ साली खाणकाम थांबेपर्यंत या रस्त्यांवरून खनिजाचे ट्रक ओळीने धावत, आणि पावसाच्या पहिल्या सरीबरोबर त्यांनी सांडलेल्या तांबड्या मातीचा रस्त्यावर निसरडा थर बसे. अशा मुलखात ज्याला दुचाकी चालविता येते, त्याला वळणे घेता येतात असे धरून चालावयास हरकत नाही.

गोव्याबाहेरील वाचकांना येथल्या 'पायलट' या मंडळींची थोडी ओळख करून दिली पाहिजे. पुढचा मडगार्ड पिवळा रंगविलेली मोटारसायकल घेऊन ते बसस्थानकापाशी उभे असतात आणि भाडे घेऊन उतारूला मागील आसनावरून त्याच्या गावी पोहोचवितात. अलीकडे मोठ्या शहरांत मोबाइलवरून दुचाकी मागविता येते, पण गोव्यात हा व्यवसाय रीतसर परवाना घेऊन कित्येक दशके चालत आला आहे. आता घरोघर स्कूटर आल्यामुळे पायलट कमी होत चालले आहेत. माझ्या नोकरीच्या आरंभीच्या काळात मात्र शेवटची बस चुकली की पायलटावाचून गत्यंतर नसे. असाच एकदा मागे बसलो असता, पहिल्याच वळणावर मी अंग ताठ केले, तेव्हा पायलटाने मान न वळविता सांगितले होते, "मास्तर, आंग ताठ करूं नाकात. हांव वांकतां तशे वांकात." वाकणे हा वळण्याचा प्राण आहे, हे त्या एका वाक्यात होते. पण तो वाकत कसा होता, हे त्यालाही सांगता आले नसते.

वाचकहो, एक साधा प्रश्न स्वतःस विचारून पाहा. धावत्या मोटारसायकलवर बसून डावीकडे वळावयाचे आहे. हँडल कोणीकडे फिरवाल? 'डावीकडे' असेच उत्तर दहांपैकी नऊ जण देतील, आणि दहावा म्हणेल की हँडल फिरवावयाचे नसते, नुसते अंग झुकवावयाचे असते. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. वेगात असलेली दुचाकी डावीकडे वळावयाची, तर तिचे हँडल आधी क्षणभर उजवीकडे फिरावे लागते. हे फिरणे अंशा-दोन अंशांचे असते आणि पापणी लवण्याइतक्या वेळात संपते. म्हणूनच ते डोळ्यांना दिसत नाही. पण ते घडल्यावाचून वळण घडत नाही.

आमच्या विज्ञान शिक्षकांनी हे मला काठीवरून समजावून दिले. लहानपणी आपण सर्वांनी तळहातावर काठी उभी तोलून धरली आहे. ती काठी डावीकडे घेऊन जावयाची, तर काय करावे लागते? हात एकदम डावीकडे नेला तर काठीचे बूड डावीकडे जाते, शेंडा मागे राहतो आणि काठी उजवीकडे कोसळते. म्हणून हात आधी किंचित उजवीकडे सरकवावा लागतो. मग काठीचा शेंडा डावीकडे कलतो, आणि कललेल्या शेंड्याच्या मागोमाग हात डावीकडे नेला की काठी तोल न सोडता त्या बाजूस निघते. दुचाकी म्हणजे अशीच एक उभी काठी. चाके हे तिचे बूड, स्वार हा तिचा शेंडा. उजवीकडे दिलेल्या त्या सूक्ष्म झटक्याने चाके स्वाराच्या अंगाखालून उजवीकडे निसटतात, गाडी डावीकडे कलते, आणि त्यानंतर पुढचे चाक डावीकडे वळून ती कल सांभाळते. व्यवहारात याचा अर्थ असा, की ज्या बाजूस वळावयाचे त्या बाजूची मूठ हलकेच पुढे ढकलावयाची. डावी मूठ ढकलली की गाडी डावीकडे, उजवी ढकलली की उजवीकडे.

हे ऐकून मी चकित झालो, त्याहून अधिक चकित झालो ते हे ज्ञान किती जुने आहे हे कळल्यावर. दुचाकीचा पहिला पूर्वज जर्मनीत कार्ल फोन ड्राइस याने १८१७ साली मानहाइम येथे चालवून दाखविला. त्याला पेडल नव्हते, पायांनी जमीन रेटीत जावयाचे. त्यानंतर अवघ्या बावन्न वर्षांनी, १८६९ साली, रँकिन नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने दुचाकीच्या तोलावर लेखमाला लिहिली आणि वळणाच्या विरुद्ध दिशेस द्याव्या लागणाऱ्या या झटक्याचे वर्णन केले. पुढे विमानाचे जनक राईट बंधू यांचाही याच्याशी संबंध आला. ते मूळचे अमेरिकेतील डेटन गावचे सायकली तयार करणारे. थोरल्या विल्बरने अनेक सायकलस्वारांना विचारून पाहिले, की डावीकडे वळताना तुम्ही नेमके काय करता? रोज सायकल चालविणारी ती माणसे, पण आपण आधी हँडल उजवीकडे फिरवितो हे त्यांच्या ध्यानातही आले नव्हते. सायकलप्रमाणेच विमानानेही कलूनच वळले पाहिजे, ही दृष्टी या बंधूंच्या यशामागील एक मोठे कारण मानले जाते. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान उडाले. तेव्हा आमच्या गोव्यातील मोटारसायकलवाल्यास 'पायलट' म्हणणे वाटते तितके विनोदी नाही. आकाशातला आणि रस्त्यावरचा असे दोघेही पायलट कलूनच वळतात.

आता किती कलावे लागते, याचा हिशेब फार कठोर आहे. वेग दुप्पट झाला की वळणाची ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. वीस मीटर त्रिज्येचे एखादे वळण घेतले आणि गाडीचा वेग ताशी १८ किलोमीटर असला, तर सुमारे ७ अंश कलले की पुरे. वेग ३६ झाला की २७ अंश कलावे लागते. वेग ५४ झाला तर ४९ अंश. म्हणजे गाडी उभी कमी आणि आडवी अधिक! इतका कल सामान्य डांबरी रस्त्यावर नेहमीच्या टायरला पेलत नाही, मग ओल्या तांबड्या मातीवर काय पेलणार? आणखी एक गंमत अशी, की या हिशेबात वजन कोठेच येत नाही. पायलट एकटा असो वा मागे उतारू आणि तांदळाचे पोते असो, त्याच वळणाला त्याच वेगात एकंदर कल तेवढाच लागतो. मागचा मनुष्य भिऊन विरुद्ध बाजूस ताठ झाला, तर मात्र गाडीला त्याच्या वाटणीचा कलही घ्यावा लागतो. त्या पायलटाने मला जे सांगितले होते त्यामागचे गणित हे असे.

मग न शिकविता हे सर्वांना जमते कसे? याचे अर्धे श्रेय गाडीच्या रचनेला आहे. पुढचे चाक ज्या दांड्याभोवती वळते त्याचा तिरपा रोख जमिनीस जेथे भिडतो, त्याच्या थोडे मागे चाक टेकलेले असते. त्यामुळे कचेरीतल्या फिरत्या खुर्चीची चाके जशी ओढली जातील तिकडे आपोआप वळतात, तसे हे चाक गाडी कलेल तिकडे आपण होऊन वळते. शिवाय फिरत्या भोवऱ्याचा गुण चाकात असतोच. पुष्कळ वर्षे लोक या भोवऱ्यालाच सारे श्रेय देत असत. १९७० साली डेव्हिड जोन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने उलट फिरणारे आणखी एक चाक लावून हा गुण रद्द करून पाहिला, तरी सायकल चालविता आलीच. २०११ साली तर काही संशोधकांनी असा दुचाकी सांगाडा तयार केला, की ज्यात भोवऱ्याचा गुणही नव्हता आणि मागे टेकलेल्या चाकाचाही नव्हता. तरी ढकलून सोडल्यावर तो स्वतःचा तोल राखीत गेला. दोनशे वर्षे जुन्या यंत्राबद्दल शास्त्रज्ञांचा शोध अजून चालू असावा, हे मला तरी मोठे हृद्य वाटते.

श्रेयाचा उरलेला अर्धा भाग आपल्या शरीराचा. सायकल शिकताना पोर दहा वेळा पडते, गुडघे फोडून घेते, आणि अकराव्या खेपेस तिच्या हातांना ते गुपित कळते. हात ते मेंदूच्या वरच्या मजल्यावर कधीच कळवीत नाहीत. आयुष्यभर हे असेच चालले तरी बिघडत नाही, असे कोणी म्हणेल. मीही तसेच म्हटले असते. पण एका प्रसंगाने मला तसे म्हणू दिले नाही.

काही वर्षांमागची गोष्ट. आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेल्या एका मुलाचे वडील कार्यालयात आले. मुलाच्या जन्मतारखेचा उतारा हवा, असे ते म्हणाले. मी सवयीने विचारले, "कुठल्या कॉलेजात प्रवेश घेतोय?" ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "सर, विम्याच्या दाव्याला वयाचा पुरावा लागतो." मुलगा महिन्यापूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. जनरल रजिस्टरात त्याचे नाव शोधून मी तारीख उतरवून दिली. एकोणीस वर्षे आणि काही महिने. दाखल्यावर मुख्याध्यापकाची सही आणि शिक्का लागतो, तोही दिला. नोकरीत हजारो सह्या केल्या, पण एवढी जड सही दुसरी नाही.

त्या मुलाच्या मागून एक पायलट येत होता. पुढे तो भेटला तेव्हा मी त्यास विचारले. वळण डावीकडचे, मुलगा वेगात, समोरून ट्रक. "मास्तर," तो म्हणाला, "वळणाच्या मध्यावर त्याची गाडी उभी झाली. वाकलेली होती, ती एकदम सरळ उभी झाली आणि पलीकडे गेली." एवढेच त्याने पाहिले होते आणि तेवढेच सांगितले. ही हकीकत मी आमच्या विज्ञान शिक्षकांना सांगितली, तेव्हा ते बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी काठीचे ते चित्र काढले. वळणात भीती वाटली की माणूस काय करतो? डावीकडे आणखी वळावे म्हणून तो हँडल डावीकडे ओढतो. चालत्या माणसाची, मोटार हाकणाऱ्याची, साऱ्या जगाची बुद्धी तेच सांगते. परंतु कललेल्या दुचाकीचे हँडल आत ओढले, की चाके तिच्या अंगाखाली येतात आणि ती उभी राहते. उभी राहिलेली दुचाकी वळणाबाहेर सरळ निघून जाते. त्या क्षणी डावी मूठ आपल्याकडे ओढावयाची नसते, पुढे ढकलावयाची असते. एका मनुष्याने पाहिलेल्या एका क्षणावरून कोणाच्या मृत्यूचा निर्णय देणे योग्य नव्हे, आणि मी तो देतही नाही. तसेच वेग आटोक्यात असता, तर ही वेळ बहुधा आलीच नसती. पण जे हातांना रोजच्या वेळी ठाऊक होते, ते संकटाच्या क्षणी बुद्धीने त्यांच्याकडून हिरावून घेतले असेल, हा विचार माझ्या मनातून जाईना.

हा विचार एकट्या साखळीच्या मास्तराचा नाही, हे मला पुढे समजले. अमेरिकेत प्राध्यापक हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे नऊशे मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली. तिचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. संकट दिसल्यावर स्वार मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरवितात, पुढचा ब्रेक पुरेसा वापरीत नाहीत, आणि उलट हँडल देऊन बाजूस निसटण्याचे कसब त्यांच्यात जवळजवळ नसतेच, असे त्यात नमूद आहे. रोज वळणे घेणारीच ही माणसे! म्हणजे हात जे सावकाश करतात, ते घाईच्या वेळी करतीलच असा भरवसा नाही. घाईच्या वेळेसाठी ते आधी जाणीवेत आलेले असावे लागते. आणि जाणीवेत यावयाचे तर शब्दांतून यावे लागते. येथे भाषाशिक्षकाची आणि विज्ञानशिक्षकाची गाठ पडते.

त्या वर्षी जूनमध्ये आम्ही दोघांनी दहावीच्या मुलांना शाळेच्या मैदानावर नेले. पहिल्या पावसाने तांबडी माती मऊ झाली होती. एका मुलाने सायकल बऱ्या वेगात आणून डावीकडे वळविली. मग आम्ही सारे वाकून मातीवर उठलेली चाकाची रेघ पाहू लागलो. पुढच्या चाकाची रेघ सरळ येत होती. वळणाच्या आधी ती थोडीशी, बोटभर, उजवीकडे झुकली होती आणि मगच डावीकडे वळली होती. सायकल चालविणारा मुलगा शपथ घेऊन सांगत होता, "सर, मी उजवीकडे फिरवलेच नाही!" त्याचे बोलणे खरे होते, आणि मातीचेही. नंतर एकेका मुलाने उजवा हात मांडीवर ठेवून, डाव्या मुठीवर नुसता उघडा तळहात टेकून सायकल चालविली. ओढण्याची सोयच नाही, फक्त पुढे ढकलता येते. आणि ढकलताच सायकल ज्या हाताने ढकलले त्याच बाजूस वळते. मुलांच्या चेहऱ्यांवर जे आश्चर्य उमटले, ते मला व्याकरणाच्या तासाला कधी पाहावयास मिळाले नाही.

या गोष्टीला मराठीत रूढ शब्द नाही. मी मुलांना एखादा संस्कृत शब्द घडवून देण्याच्या विचारात होतो. पण त्यांनीच आपसांत सूत्र तयार केले: 'ढकल तिकडे वळ.' तीन शब्द. संकटाच्या क्षणी याहून लांब काही आठवणारही नाही. माझा संस्कृत शब्द मी मनातच ठेवला.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. हे सूत्र म्हणजे वेगाला दिलेला परवाना नव्हे. गिअरची मोटारसायकल चालविण्याचा परवाना अठरा वर्षे पुरी झाल्यावर मिळतो. त्यासाठी मैदानावर आठाचा आकडा काढून दाखवावा लागतो, पण तो काढावयाचा असतो अगदी मंद गतीने. त्या गतीत हँडल वळणाच्याच बाजूस फिरलेले दिसते, आणि मुलगा समजतो की दुचाकीचे शास्त्र एवढेच. रस्त्यावरच्या वेगाची परीक्षा कोणी घेत नाही. ती वळणच घेते, आणि तिला फेरपरीक्षा नसते. म्हणून वेग वळणाआधी कमी करावयाचा, वळणात शिरल्यावर नव्हे. नजर जेथे जावयाचे तेथे ठेवावयाची, जे चुकवावयाचे त्यावर नव्हे. डोक्यावर हेल्मेट पट्टा बांधून घालावयाचे. आणि मागे बसणाऱ्याने अंग सैल सोडावयाचे. या साऱ्या गोष्टींच्या नंतर ते सूत्र.

इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला किंवा आणखी कोठे आपली घरे असतील. घरात सतरा-अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल आणि दुचाकीचा हट्टही चालू असेल. हट्ट पुरविण्यापूर्वी एखाद्या रविवारी जुनी सायकल बाहेर काढा, मोकळ्या मैदानावर जा, थोडी जमीन ओली करा आणि चाकाची रेघ दोघे मिळून पाहा. 'सांभाळून चालव' हे आपण सर्वच आईबाप म्हणत आलो, पण सांभाळावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हे त्या दोन शब्दांत नाही. ते त्या मातीवरच्या रेघेत आहे. आमच्या शाळेत दर जूनला, पाऊस पडून मैदान मऊ झाले की हा एक तास आता ठरलेला आहे. वेळापत्रकात त्याला जागा नाही. म्हणून तो मी मराठीच्या तासातून देतो.